आण्णांच्या गिटारीचं पोट

ऑर्केस्ट्रातली माणसं चार गावं एकत्र फिरली की किस्से आपोआप साठतात. सत्तरच्या दशकात आमच्या सांगलीच्या ऑर्केस्ट्रात मात्र निम्मे किस्से एकाच वस्तूचे होते, आण्णांच्या गिटारीचे!

आण्णा साताऱ्याचे, तोफखान्यातून रिटायर झालेले. हाक दोनदा मारावी लागायची. आम्ही म्हणायचो, मिलिटरीचा तोरा. गिटार जॅझवाल्यांची, पोकळ, व्हायोलिनसारख्या फुगीर पोटाची. आवाज गोड, पण ड्रमपुढे कुणाला ऐकू जायचा नाही. मालक सुधाकर म्हणायचा, पोटाला भोक पाडून पिकअप, म्हणजे आवाज पकडून स्पीकरला देणारं यंत्र, बसवा, नाहीतर दुसरा गिटारवाला बघतो. आण्णांचं एकच, भोक पाडलं की पोट थरथरायचं थांबतं.

*

आधी पोटावर चिकटवायचा पिकअप आणला. तो लाकडाची थरथर पकडतो. पण वाजवताना हनुवटी गिटारीच्या कडेवर टेकवायची आण्णांना सवय! विट्याच्या कार्यक्रमात हळुवार गाणं सुरू झालं आणि स्पीकरमधून खर्र खर्र. दाढीचे खुंट! पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "आवं, सुतार बी आणलाय व्हय?"

*

सुधाकरने आण्णांना गुळगुळीत दाढी करायला लावली, तर शर्टाची बटणं वाजायला लागली. मग म्हणाला, हनुवटी उचलून वाजवा. आण्णांनी उचलली आणि पहिल्याच गाण्यात सूर-ताल सगळंच सुटलं. एवढा पक्का माणूस! नंतर नुसते बोटांकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं.

*

मग मिरजेला सतारी बनवणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी चुंबकाचा पिकअप गिटारीच्या मानेला असा लटकवला, की पोटाला स्पर्शसुद्धा नाही. वर प्रेमाने नव्या जाड तारा चढवल्या, सतारीला लावतात तशा पितळेच्या! जतच्या कार्यक्रमात त्या तारा ॲम्प्लिफायरच्या खोक्यातून जवळजवळ मुक्या. चुंबकाला पोलाद कळतं, पितळ नाही. आम्ही खुणा करतोय आणि आण्णा डोळे मिटून रंगात!

चाचांना सांगितलं तर म्हणाले, "तार चांगली हाय. चुंबकालाच गाण्यातलं कळत न्हाई."

*

सुधाकर वैतागला. भरीव फळीची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. आण्णांनी ती छातीशी धरून चार सूर छेडले. आवाज खणखणीत आला. आण्णांनी गिटार परत दिली. म्हणाले, "बंद हाय ही."

खोक्याचा लाल दिवा चालू होता.

*

शेवटची तालीम. तोच लटकता पिकअप, पण तारा पोलादी. सुधाकरने गिरमिट टेबलावर काढून ठेवलेलं, आज जमलं नाही तर भोक. आण्णांनी हनुवटी टेकवली आणि सुरुवात केली. पिकअप मानेजवळ असल्याने आवाज भरदार आला, कुठे टोचणारा नाही, आणि पोटाची पोकळीही त्यात ऐकू येत होती. ड्रमवाला वाजवायचं विसरला. सुधाकरने गिरमिट पिशवीत टाकलं.

मी मागून विचारलं, आण्णा, कसा वाटला आवाज? उत्तर नाही. पुढे जाऊन पुन्हा विचारलं.

आण्णांनी गिटारीच्या पोटावर तळहात ठेवला. "खोक्यातलं तुमी ऐका, गड्या. मला हनुवटीतनंच ऐकू येतंय."