म्यानेजरने न कापलेलं रीळ

ढाणकीच्या टाकीजमध्ये पिक्चरचा शेवट पडद्यावर दिसेलच याची खात्री नसे. फाटकावर मात्र तो हमखास ऐकायला मिळे. सहाचा शो लांबला की खेड्यांकडे जाणारी शेवटची एसटी चुकायची, आणि एसटी चुकलेलं गिऱ्हाईक पुन्हा टाकीजची पायरी चढायचं नाही. म्हणून आमचे म्यानेजर ऑपरेटरला सांगून एखादं रीळ गाळायचे. बहुतेक वेळा गाणं जायचं, कधी विनोदी नटाचा धुमाकूळ जायचा, आणि पिक्चर फारच अघळपघळ असला तर थेट शेवटच जायचा. अशा वेळी ते स्वतः फाटकात उभे राहून बाहेर पडणाऱ्यांना उरलेली गोष्ट पुरवत. "हिरो वाचते, व्हिलन मरते, माय सापडते. चला, गाडी लागली." लोक ऐकत ऐकतच स्टँडकडे धावत, आणि एसटीत बसल्यावर न पाहिलेल्या मारामारीचं एकमेकांना वर्णन करत.

त्यांना नाव होतं, पण ते कोणी वापरत नसे. लहानथोर सगळे म्यानेजरच म्हणत. मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो आणि टाकीजच्या भिंतीला लागूनच माझी खोली होती. आमचं घराणं यवतमाळचं, पिढ्यान् पिढ्या कचेरीत खर्डेघाशी करणारं. आमच्याकडे पिक्चर वर्षातून एकदा, वार्षिक परीक्षा संपल्यावर, तोही देवादिकांचा. इथे मला भिंतीतून रोज फुकट डायलॉग ऐकू येत. संध्याकाळचा चहा मी म्यानेजरांच्या केबिनमध्येच घ्यायचो. विटलेला निळा सफारी, खिशात शिट्टी, हातात बॅटरी अशा थाटात ते येरझाऱ्या घालत. या माणसाने उभ्या जन्मात एकही पिक्चर बसून पाहिला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाले, "बसून पाह्यला तर आवडून जाते, मास्तर. मंग कापायले जीव होत नाही."

एके काळी कापूस विकला की दुसऱ्या दिवशी गाडीबैलांसकट कुटुंब टाकीजवर येई. मी ढाणकीला गेलो ती वर्षं वेगळी होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि खरेदी केंद्राबाहेर माल भरलेल्या गाड्या मुक्काम ठोकून. कापसातली सरकी काढणारं जिनिंगही बंद पडलं. गावाने आधी पिक्चर सोडला, मग चहातली साखर कमी केली. यवतमाळचे मालक एकदा जीपने आले, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून म्हणाले की संक्रांतीपर्यंत गर्दी दिसली तर ठीक, नाहीतर खुर्च्या काढून मंगल कार्यालय करू. म्यानेजरांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं, राहायचेही ते पडद्यामागच्या खोलीतच. त्यांना दुसरं घरच नव्हतं. जीप गेल्यावर ते मला म्हणाले, "इथं लग्नं लागतीन, अन् मी काय अक्षता वाटू?"

अशात अमरावतीच्या वितरकाने एका पिक्चरची पेटी स्वस्तात गळ्यात मारली. मारधाड आहे म्हणून सांगितलं होतं. निघालं भलतंच. एक माणूस परगावाहून घरी येतो, तर गल्लीत कोणी त्याला ओळखत नाही. सगळे सांगतात, तुम्ही ज्याचं नाव घेता तो तर घरीच आहे, सकाळीच दिसला. बिचारा गावभर फिरतो, स्वतःचाच पत्ता विचारतो, आणि शेवटी आपल्या घराच्या दारावर थाप मारतो. आतून त्याच्याच आवाजात कोणीतरी विचारतं, "कौन?" आणि पडदा काळा.

पहिल्या दिवशी पडदा काळा झाला, दिवे लागले, तरी कोणी उठलं नाही. मग मागून एकाने आवाज दिला, "म्यानेजर, रीळ लावा." बघता बघता सगळं थेटर तेच म्हणू लागलं. म्यानेजर फाटकातून धावत आले आणि पिक्चर संपला असं त्यांनी शपथेवर सांगितलं. लोक हसले. ज्याने आयुष्यभर शेवट कापले तो म्हणतो शेवटच नाही! दोन खुर्च्या मोडल्या, एसटी चुकली, आणि म्यानेजरांना रिळांचे डबे बाहेर आणून लोकांसमोर उघडावे लागले. तरीही कोणाचा विश्वास बसेना. मग त्यांनी कळंबच्या चिंतामणीची शपथ घेतली. ते मूळचे कळंबचे, तेव्हा ही शपथ जड होती. लोक घरी गेले, पण मनातून कोणी मानलं नाही.

दुसऱ्या दिवशी सलूनपासून चावडीपर्यंत दुसरा विषय नव्हता. तलाठ्यांनी निकाल दिला की ही सरळ सातबाराची भानगड आहे, आतल्याने फेरफार करून घेतलाय. आमच्या हेडमास्तरांनी दारावर जीव आणि आत शिव बसवला आणि शाळेच्या प्रार्थनेत त्यावर प्रवचन दिलं. कंपाउंडर म्हणाला, माणसाच्या डोक्यात ताप गेलाय. पण जनतेच्या मुख्य पार्ट्या दोनच. एक म्हणे तो कधीचाच मेला आहे आणि फिरतो ते भूत, दुसरी म्हणे जुळे भाऊ आहेत. एका घरी सासरा मेला-पार्टीचा आणि जावई जुळे-पार्टीचा निघाला. जावई पाहुणचार सोडून ताटावरून उठला. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पार्ट्यांचं एकमत होतं, की खरा शेवट म्यानेजरने दाबून ठेवलाय. कधीतरी चुकून लावेल म्हणून तीच माणसं पुन्हा पुन्हा तिकीट काढू लागली.

टाकीज भरू लागलं. मालकांचा यवतमाळहून निरोप आला की असंच चाललं तर खुर्च्या राहतील. म्हणजे म्यानेजरांनी एवढंच करायचं होतं, की काही करायचं नाही. गप्प राहायचं. पण ज्या माणसाच्या तोंडून रोज शेवट निघायचा त्याला गप्प राहणं म्हणजे केवढी शिक्षा! लोक फाटकात अडवून विचारत आणि हे ओठ घट्ट मिटून बॅटरी चालूबंद करत. माझ्या खोलीत येऊन मात्र ते एकामागून एक शेवट सांगत, एकात पोलीस येत, एकात आई. मी म्हटलं, यातला खरा कोणता? ते म्हणाले, "खरा असता तं एकच सांगून मोकळा झालो असतो. मंग मले पोट दुखलं असतं काय?"

फाटकाशी शांताबाई उकडलेल्या शेंगा विकायची. तांड्यावरची बाई, घरी लमाणी बोलायची, गिऱ्हाइकाशी आपल्यासारखी. तिचा नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद झाल्यावर काम शोधायला सुरतेकडे गेला. आधी कोणाकोणाच्या हाती निरोप येत, मग तेही थांबले. शो सुटायच्या आधी म्यानेजर तिला आत घेत, म्हणजे गर्दी बाहेर पडताना टोपली तयार असे. त्यामुळे या पिक्चरची तिने फक्त शेवटची थाप पाहिली होती, पण ती रोज.

एका दुपारी आम्ही केबिनमध्ये चहा पीत होतो तेव्हा ती दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, त्या माणसाले दार उघडलं का नाही, तेवढं सांगा मले."

म्यानेजरांनी नेहमीसारखे ओठ मिटले. मग विचारलं, "काहून?"

"मी कडी लावत नाही रातीची. लावली, अन् मले झोप लागली, अन् हे आले, तं? मी नुसतं दार लोटून बसून राह्यतो. परवा कुत्रं शिरलं घरात. दोन पोरी हायेत, भाऊ."

ती हे रडत सांगत नव्हती, भाव विचारावा तसं विचारत होती. म्यानेजरांनी नुसती बॅटरी चालूबंद केली. ती गेल्यावर त्यांचा चहा तसाच राहिला. मला तेव्हा त्यांचा राग आला. खोटं का होईना, दोन शब्द सांगायला काय जात होतं, असं वाटलं. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. तिला एकटीला सांगितलं असतं तर फाटकावर दहा जणांनी ते खोडून काढलं असतं. तिथे तर दिवसभर तीच चर्चा.

त्या संध्याकाळी थेटर गच्च होतं. थाप पडली, "कौन?" झालं, पडदा काळा झाला आणि दिवे लागले. म्यानेजर पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. शांताबाई दाराशी टोपली घेऊन होती.

"शेवटचं रीळ मीच कापलं होतं," ते म्हणाले. "गाडीपायी. आता आयका काय हाये त्याच्यात. दाराले आतून कडी हाये. बायको गाढ झोपली हाये. पन एक थाप पडली का ते जागी होते. एकच थाप, बरं का. नवऱ्याची थाप तिले झोपीतही समजते. कडी काढते, लोटाभर पानी देते, जेवाले वाढते. आतला आवाज तिच्या सपनातला व्हता. संपला पिक्चर."

थेटरात एकच कल्ला झाला. मेला-पार्टी आणि जुळे-पार्टी त्या दिवशी पहिल्यांदा एक झाल्या, ते म्यानेजरला शिव्या द्यायला. देवाची खोटी शपथ घेणारा म्हणून गावात नाचक्की झाली. कोणी शेंगांची टरफलं फेकली. म्यानेजर सफारी झटकत फाटकाकडे गेले. मला वाटलं त्यांचा चेहरा पडलेला असेल, पण ते कित्येक दिवसांनी पोट साफ झालेल्या माणसासारखे दिसत होते. चहा घेताना त्यांना काळजी एकच होती. "शपथ खरी घेतली अन् मंग मीच खोटी पाडली. याले चिंतामणीकडं कोनतं कलम लागते, मास्तर?"

शेवट कळलेला पिक्चर कोण पुन्हा पाहतो? दोन दिवसांत खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि रीळ कापल्याची बातमी मालकांपर्यंत गेली. जीप आली. मालक केबिनमध्ये ओरडत होते, कापलंस कशाला म्हणून. रिळांचे डबे मी डोळ्यांनी पाहिले होते, त्यात असलं काही नव्हतंच, हे सांगायला मी पुढे झालो. म्यानेजरांनी माझं मनगट असं धरलं की दुखलं. शांताबाई बाहेरच बसली होती. ते मालकांना म्हणाले, "चुकलं, साहेब." संक्रांतीच्या आधीच टाकीजला कुलूप लागलं आणि म्यानेजर एक पेटी घेऊन कळंबला बहिणीकडे निघून गेले. स्टँडवर आम्ही दोघं एसटीच्या उशिराबद्दलच बोलत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात यवतमाळला घरी गेलो तेव्हा मी मुद्दाम पुढे कळंबला गेलो. देवळाच्या रस्त्यावर बहिणीच्या नारळाच्या दुकानात ते बसले होते, अंगात तोच सफारी. टाकीजच्या जागी झालेल्या मंगल कार्यालयात पहिलं लग्न लागलं आणि वरात अडीच तास उशिरा आली हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. मग नारळ पुसता पुसता त्यांनी शांताबाईचं विचारलं.

नवरा आला नाही, मी म्हणालो. काही पत्ताही नाही. ते नारळ पुसत राहिले.

"अन् कडी?"

लावते, म्हणालो. नवी, लोखंडी बसवून घेतलीय. आता इतकी गाढ झोपते की सकाळी पोरींना तिला हलवून उठवावं लागतं.

म्यानेजरांनी नारळ खाली ठेवला. मग देवळाकडे पाहिलं.

"झोपू द्या तिले," ते म्हणाले.