थोरली आसरा पाठमोरी

देव-भुतं हा माझा लिहायचा विषय, मानायचा नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर ग्रुपवरचे काही जण लगेच "ताई, लिंबू उतरवा" सुरू करतील. मी महाळुंग्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. येता-जाता बसमधल्या बायकांकडून म्हसोबाच्या, आसरांच्या गोष्टी काढून घ्यायच्या, मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आणि त्यावरून कथा लिहायच्या, हा माझा आठ वर्षांचा नाद. चार छापूनही आल्यात.

पल्लवी माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन लातूरहून आमच्या संत तुकाराम नगरच्या फ्लॅटमध्ये आली, ती चित्रं काढणारी. मला आनंदच झाला होता... पहिले सहा महिने. मग मी जेवताना सांगितलेल्या गोष्टी ती कॅनव्हासवर उतरवायला लागली, आणि घरी येणारा प्रत्येक जण तिच्या चित्रासमोर थांबायला लागला. सासूबाई शेजारणींना हाताला धरून आणायच्या. माझी कथा आलेला अंक मात्र त्यांनी फ्रिजवर ठेवला, अजून तिथेच असेल. मी जळायचे. सरळच लिहिते, जळून कोळसा व्हायचे.

मध्यंतरी कॉलनीच्या हॉलमध्ये लोकदैवतांवरच्या चित्रांचं आणि लेखनाचं प्रदर्शन ठरलं. पल्लवीच्या 'साती आसरा' चित्राला मधली भिंत मिळाली. माझ्या कथेबद्दल संयोजक म्हणाले, "मॅडम, त्यातल्या चार ओळी द्या ना, चित्राखाली लावू." चार ओळी! माहिती माझी, गोष्ट माझी, आणि मी चित्राखालची पाटी.

त्याच संध्याकाळी पल्लवीनं विचारलं, "ताई, आसरांचं काही राहिलंय का वो? पाणी, शेंदूर, चोळ्या, सगळं काढलंय मी."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी – साती आसरा म्हणजे पाण्याकाठच्या सात बहिणी. विहिरीजवळ शेंदूर लावलेले सात दगड असतात, सगळे समोर तोंड करून. हे कुणीही सांगेल. पण माझ्या तोंडून निघालं, "थोरली पाठमोरी असते. तिचं तोंड दाखवत नाहीत."

साफ खोटं. त्या क्षणी रचलेलं. जाणकार येतील, हसतील, आणि मग मी म्हणेन, अगं, नीट विचारायचंस ना – एवढा सगळा बेत मी मेथी निवडता निवडता केला. पल्लवी जरा थबकली.

"थोरलीच?"

"थोरलीच."

तिनं मान डोलावली आणि आत गेली.

प्रदर्शन गुरुवारी होतं, आमच्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी. दुपारी मी खांबाशी उभी राहून कुणीतरी हसायची वाट बघत होते. तेवढ्यात एक आजी नातीचा हात धरून आली. चित्रासमोर थांबली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"आमच्या म्हाळुंग्याच्या हिरीवरच्या हायती ह्या," ती पल्लवीला म्हणाली. "थोरली रुसलीया, हे कुनी सांगितलं गं तुला?"

मी पुढे झाले. "आजी, सगळीकडे समोर तोंड असतं ना?"

"आसंल सगळीकडं. आमच्यात न्हाई. बाया धाकल्यांना जास्ती चोळ्या-बांगड्या वाहायला लागल्या, ते हिला बघवंना. फिरवलं तोंड. मागनं लाजली, पर आता वळायचं कसं? म्हनून तिची वटी आमी पाठीमागनं भरतो. अन् सगळ्यांच्या आदी भरतो."

ती विहीर आता दुसऱ्याच एका कंपनीच्या कंपाउंडमध्ये आहे. पुढच्या गुरुवारी आजीच्या नातीला घेऊन मी तिथे गेले. वॉचमननं तिला ओळखलं, आत सोडलं. सहा दगड आमच्याकडे तोंड करून, पितळी डोळे लावलेले. रांगेतल्या पहिल्याला, थोरलीला, डोळे दिसेनात. त्याच्या मागे भिंत, मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. मी हात घातला, चाचपलं... आणि बोटांना दोन डोळे लागले. शेंदराचे थर इतके जाड होते की हे कालपरवा कुणी फिरवलेलं नव्हतं.

त्या गेटच्या आत मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले होते. घरी येऊन आठ वर्षांची सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकली. करमाळ्याला आईला फोन केला. तीही म्हणाली, असलं कधी ऐकलं नाही. मग मी हे रचलं कुठून? आणि रचलं ते नेमकं थोरलीबद्दलच का?

पुढे दोन दिवस पल्लवीच्या चित्राचं जो तो कौतुक करत होता, आणि मला जेवण जाईना. शेवटी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "मी खोटं सांगितलं होतं गं. तुझं चित्र चुकावं, लोकांनी हसावं म्हणून."

ती बेसिनमध्ये ब्रश धूत होती. तिनं नळ बंद केला.

"तुम्ही सांगितलं तेव्हा थोरलीचा चेहरा काढून झाला होता, ताई. तुमचाच काढला होता. गोष्टी तुमच्या आहेत, म्हटलं भिंतीवर तुम्हीही दिसाल. मग त्यावर केस रंगवले."

विहिरीवरच्या त्या दगडाचं मला अजूनही काही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर सांगा. चित्र आता आमच्या हॉलमध्ये आहे. येता-जाता मी त्या काळ्या केसांकडे बघते. खाली तिनं मला हसरी काढली होती का, हे तिला विचारायचंय, पण धीर होत नाही.