सतरा नंबरचा चिकू

"हा चिकू नाही, बटाटा आहे," मंदाताई म्हणाल्या आणि लेबल त्यांनी माझ्यासमोर टेबलावर आपटलं.

मी लेबल उचलून पाहिलं. बाई खोटं बोलत नव्हत्या. फिकट, पिवळट, गोल असं काहीतरी छापलं होतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'घोलवडचे चिकू चिप्स'. मला हसू आलं, पण मंदाताईंचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

ही २०१७ सालच्या डिसेंबरमधली गोष्ट. मंदाताईंची घोलवडला चिकूची वाडी. त्या वर्षी त्यांनी पाड्यावरच्या आठ बायकांना हाताशी धरून चिकूच्या चकत्या वाळवल्या होत्या. दोन महिने खपून केलेला माल पोत्यांत भरून ठेवला होता आणि मुंबईच्या एका दुकानाने तो सगळा घ्यायची तयारी दाखवली होती. पण पहिलं लेबल बघून दुकानवाल्यांनी कळवलं, असलं काही आम्ही फळीवर मांडणार नाही. गुरुवारी दुपारी त्यांचा माणूस अहमदाबादहून परत येताना गाडी घेऊन हायवेवर चारोटीला थांबणार होता. लेबल पसंत पडलं तर माल गाडीत, नाहीतर गाडी तशीच पुढे. आणि ज्या दिवशी मी छापखान्यात पोचले तो मंगळवार होता.

मला बोलावलं होतं हसमुखभाईंनी. डहाणूत त्यांची छोटी प्रेस. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं छापण्यात जन्म गेला. त्या वर्षी त्यांनी हौसेने लेबलं छापायचं डिजिटल मशीन घेतलं आणि मंदाताईंचं काम त्यावर घेतलं. मी कलर मॅनेजमेंटचं काम करते. म्हणजे प्रिंटरने जो रंग छापायला हवा तोच तो छापतोय की नाही, हे बघायचं आणि नसेल तर त्याला वळण लावायचं. घरी मला 'रंगांची डॉक्टर' म्हणून चिडवतात. फी मात्र डॉक्टरांसारखी कुणी देत नाही.

"बेन, मी सगळं करून बघितलं," हसमुखभाई म्हणाले. "लाल वाढवला, पिवळा कमी केला, परत वाढवला. रोज सकाळी बराबर बसवतो, दुसऱ्या दिवशी परत बिघडते."

"कशाच्या आधाराने बसवता?"

"डोळ्याच्या! तीस वरस झाली धंद्यात."

मी कपाळाला हात लावला.

इथे थोडं समजावून सांगते. प्रिंटरमध्ये शाई चारच: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. बाकी सगळे रंग या चौघींच्या बारीक ठिपक्यांतून होतात. त्यात तपकिरी हा सर्वांत खोडकर. लाल फूल थोडं कमीजास्त लाल झालं तर कुणाला कळत नाही. तपकिरीत मात्र सगळ्या शाया एकत्र येतात. आमटीत चिंच, गूळ, मीठ यांतलं एक जरी हललं तर पहिल्याच घासाला कळतं, तसं. किरमिजी जरा वाढली की गुलाबी, जरा घटली की हिरवट. आणि चिकू म्हणजे नखशिखांत तपकिरी.

पहिला घोळ अर्ध्या तासात सापडला. मशीनसोबत चकचकीत कागदाचं प्रोफाइल आलं होतं. प्रोफाइल म्हणजे त्या कागदावर त्या शाईने कुठला रंग कसा उमटतो, याचा नकाशा. हसमुखभाईंनी रोल लावला होता मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या कागदाचा. मॅट कागद शाई पितो. डहाणूचा नकाशा हातात घेऊन तलासरीत घर शोधल्यासारखं चाललं होतं. वर रोजची डोळ्याने केलेली दुरुस्ती. एकावर एक अशी चार दिवसांची ठिगळं.

"सगळं पुसते आणि पहिल्यापासून करते," मी म्हणाले.

"चार दिवसाची मेहनत, बेन!"

"पुसते."

मग माझ्या आवडीचं काम सुरू झालं. आधी इंक लिमिट, म्हणजे या कागदाला किती शाई सोसते ते ठरवायचं. त्यापुढे कागद भिजतो आणि रंग गढूळ होतो. मग लिनिअरायझेशन. मशीनला सांगितलं पन्नास टक्के शाई टाक, तर कागदावर पन्नासच दिसली पाहिजे, सत्तर नाही. हे एकेका शाईसाठी. शेवटी शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता छापायचा, तो स्पेक्ट्रोने मोजायचा आणि त्यातून नवीन प्रोफाइल बनवायचं. स्पेक्ट्रो म्हणजे कॉम्प्युटरच्या माउसएवढं यंत्र. चौकोनावर ठेवलं की रंगाचे आकडे सांगतं. त्याला डोळे नाहीत, म्हणून त्याचा डोळा फसत नाही.

चार वाजता नवीन प्रोफाइल लावून मी राखाडी पट्टी छापली. ना गुलाबी झाक, ना हिरवी. फिकटापासून काळ्यापर्यंत स्वच्छ राखाडी. लोकांना त्यात काय दिसणार! पण इतकी वर्षं झाली तरी अशी पट्टी मशीनमधून बाहेर येताना माझं काळीज धडधडतं. मी चक्क टाळी वाजवली. हसमुखभाईंनी चहा मागवला.

मग लेबल छापलं. चिकू आता चिकू दिसत होता. टेबलावर मंदाताईंनी नमुन्याला आणलेला चिकू होता, तो मी लेबलशेजारी धरला. छापलेला जरा फिकट वाटला म्हणून चित्रातली किरमिजी थोडी वाढवली. परत छापलं. अगदी जुळलं. छपाई सकाळी सुरू करायचं ठरवून मी खुशीत घरी गेले.

बुधवारी सकाळी नऊला फोन. "बेन, परत बिघडला."

मी धावतपळत पोचले. लेबल टेबलावर, शेजारी चिकू. चिकू धुळकट, फिकट, किंचित हिरवट. लेबल त्याच्यापुढे लालसर आणि गडद. माझा पारा चढला.

"सेटिंगला कुणी हात लावला?"

"आईच्यान, मी हात पण नाय लावला!"

"मग काय मशीनला स्वप्न पडलं?"

बरंच काही बोलले मी. ते सगळं इथे लिहीत नाही. हसमुखभाई खाली मान घालून उभे राहिले. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षं मोठा माणूस. आजही आठवलं की मला ओशाळल्यासारखं होतं.

मग मी कालचाच तक्ता परत छापला आणि मोजला. दोन रंगांतला फरक आम्ही डेल्टा ई नावाच्या आकड्यात सांगतो. तो एकाच्या आत असेल तर साध्या डोळ्याला फरक दिसत नाही. आकडा आला अर्धा. मी परत मोजलं. परत अर्धा. मशीन कालच्या जागेवरून तसूभर हललं नव्हतं.

मग हललं काय? मी टेबलाकडे बघत बसले. लेबल. चिकू. हा चिकू कालच्यापेक्षा जरा लांबट होता.

"हसमुखभाई, कालचा चिकू कुठाय?"

"तो? तो मी खाल्ला."

"खाल्ला?"

"पिकला होता, बेन. फेकून द्यायचा? मंदाबेनने आख्खी टोपली पाठवली आहे. ही बघा."

टेबलाखाली टोपली होती. मंदाताई रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जात नाहीत. प्रेसमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा नमुना म्हणून एक चिकू न देता टोपलीभर दिले होते, आणि संपत आले की वाडीतून नवीन येत होते. हसमुखभाई रोज सकाळी हाताला लागेल तो चिकू टेबलावर ठेवून मशीन त्याच्याशी जुळवत आणि संध्याकाळी तो खाऊन घरी जात. रोज वेगळा चिकू. एखादा आजच झाडावरून उतरलेला, सालीवर भुकटी असलेला. एखादा चार दिवसांचा, हातांनी चोळवटलेला, गडद. मशीन बिघडत नव्हतं. नमुना पिकत होता!

आणि मी? डोळ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून दिवसभर प्रवचन झोडलं आणि शेवटी त्याच चिकूशेजारी लेबल धरून किरमिजी वाढवली. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान! मी हसमुखभाईंची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "चिकू चांगला होता पण."

आता प्रश्न उरला, मंदाताईंच्या चिकूचा रंग नेमका कुठला? चिकूवर स्पेक्ट्रो ठेवता येत नाही. त्याला सपाट जागा लागते आणि चिकू गोल, खरखरीत. मग मी तपकिरी रंगाचे तीस चौकोन छापले, एकमेकांपासून जेमतेम वेगळे. ते कापून प्रत्येकाच्या पाठीवर नंबर टाकला आणि हसमुखभाईंच्या स्कूटरवर मागे बसून घोलवड गाठलं.

वाडीतल्या शेडमध्ये चिकूची निवड चालू होती. मंदाताईंनी एक ताजा उतरवलेला चिकू उचलला. "हा घ्या. भुकटीसकट. याच्यासारखा देखणा चिकू नाही."

शेजारी जानीबाई बसली होती. पाड्यावरची, साठीची, आयुष्यभर चिकू निवडलेली. ती मान वर न करता म्हणाली, "यो कोन खाल? चार दिस दात नाय लागाचा."

"अगं, पण दिसायला?"

"पाकिटात खावाचाच देतं ना? मंग खावाचा दाखव." तिने ढिगातून एक चिकू काढला. "यो. यो आज खावाचा."

मंदाताईंनी आपला चिकू ढिगात परत ठेवला. मग म्हणाल्या, "जानी म्हणते ते बरोबर. झाडावरचा चिकू मला देखणा. गिऱ्हाइकाला त्याचं काय!"

मी तीस चौकोन उजेडात पसरले, नंबर खाली करून. जानीबाईने चिकू हातात धरला, दोन चौकोन बाजूला सारले आणि एकावर बोट ठेवलं. मी उलटून पाहिला. सतरा.

योगायोग असेल. मी चौकोन पिसले, परत मांडले. तिने परत बोट ठेवलं. सतरा. तिसऱ्यांदा मी मुद्दाम सोळा, सतरा, अठरा एवढेच समोर ठेवले. या तिघांतला फरक सांगणं मला स्वतःला जमलं नसतं. तिने चिकूकडे बघितलं, चौकोनांकडे बघितलं आणि वैतागून म्हणाली, "योच तं. कितींदा इचारतं?"

सतरा. माझ्या पेटीतलं यंत्र परदेशातून आलं होतं आणि दरवर्षी ते तपासून घ्यावं लागतं. ही बाई कुणी तपासली होती? मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण तिच्या मांडीवर चिकूंनी भरलेलं सूप होतं.

पुढचं काम सोपं होतं. सतरा नंबरचा चौकोन स्पेक्ट्रोने मोजला, आकडे लिहून घेतले. प्रेसवर येऊन चित्रातल्या चिकूचा मुख्य रंग त्या आकड्यांवर आणला. छापला, मोजला. फरक एकाच्या आत. संध्याकाळच्या आत लेबलांचा रोल तयार झाला. मधे दोनदा थांबून मोजलं. हसमुखभाई टेबलाकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

गुरुवारी सकाळी मंदाताई जानीबाईला घेऊनच प्रेसमध्ये आल्या. मी लेबल थेट जानीबाईच्या हातात दिलं. तिने ते दाराशी उजेडात नेलं, निरखलं आणि अंगठ्याच्या नखाने छापील चिकूवर बारीक ओरखडा काढला. मी ओरडणारच होते. मंदाताईंनी माझा हात धरला.

"राहू दे. निवडताना ती अशीच साल खरवडते. आत हिरवं दिसलं तर कच्चा."

जानीबाई ओरखड्यातून दिसणाऱ्या पांढऱ्या कागदाकडे बघून स्वतःशीच हसली. सवयीने हात गेला होता. इतक्या वर्षांत कित्येक गिऱ्हाइकांनी माझ्या कामाची स्तुती केली, पण त्या ओरखड्याइतका आनंद मला कुणी दिला नाही.

लेबलं वाडीत गेली, आठही जणींनी भराभर पाकिटं भरून ती चिकटवली आणि माल टेम्पोने चारोटीला पोचला. दुपारी तिथे दुकानाच्या माणसाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मागचं दार उघड." सगळा माल त्या गाडीतून गेला. ओरखड्याचं लेबल मी मागून घेतलं. माझ्या पेटीत आहे.

तेव्हापासून कुठल्याही प्रेसमध्ये गेले की मी आधी मशीन बघत नाही, टेबलावर नमुना म्हणून काय ठेवलंय ते बघते. खाण्यासारखं असेल तर आधी खाऊन टाकते, मग कामाला लागते.