कॉन्सुलच्या पुढची काठी

आमचे शाकीर कव्हास होते. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की कव्हास म्हणजे मूळचा तिरंदाज. पुढे परदेशी कॉन्सुल इस्तंबूलला आले, तेव्हा त्यांच्या रक्षणाला सुलतानाने हेच लोक दिले. धनुष्य गेलं, पिस्तुलं आली. ह्यांचे आजोबा पिस्तूल-तलवार लटकावून कॉन्सुलच्या पुढे काठी आपटत निघाले, की आमच्या बेयोलू पेठेतली गाढवंसुद्धा बाजूला व्हायची म्हणे. सासऱ्यांच्या वेळी पिस्तूल गेलं. तलवार राहिली, पण म्यानात अशी गंजून बसली होती की बाहेर काढायला लोहार बोलवावा लागला असता. आणि ह्यांच्या वाट्याला काय आलं? जरीची बंडी, चांदीच्या मुठीची काठी, फाटकाच्या किल्ल्या, चहाचा ट्रे आणि कॉन्सुलीणबाईंचं कुत्रं.

हे ते कुत्रं फिरवायला निघाले की मी दारातून विचारायची, "अहो, बाण घेतलेत ना?" हे हसायचे नाहीत. एरवी माणूस मोठा गमत्या, पण त्या एका विषयात विनोद कळायचाच नाही.

बंडी कॉन्सुलेटची, काठी मात्र आजोबांची स्वतःची, म्हणून ती घरी असायची. घर म्हणजे कॉन्सुलेटच्याच आवारातल्या दोन खोल्या. त्या काठीने मी गालिचे झोडायची आणि ह्यांची पावलं वाजली की पुसून कोपऱ्यात ठेवायची.

ह्या कामाचे नियम दोनच. कव्हास काठी घेऊन एकटा चालत नाही. तो पुढे दिसला, म्हणजे मागे कॉन्सुल असायलाच हवा. आणि एकदा निघाला, की त्याने मागे वळून पाहायचं नाही. अख्ख्या बेयोलूला हे पाठ होतं. काठी ऐकली की लोक मागे कोण आहे हे न बघताच टोप्या काढायचे.

आमच्या गल्लीत मादाम लुसिया राहायच्या. पियानो शिकवायच्या, चेरीची दारू घरी करायच्या आणि ती स्वतःच संपवायच्या. त्यांचे वडील ह्याच कॉन्सुलेटात दुभाषे होते. त्यांच्या मयतीला कॉन्सुल जातीने आला होता, म्हणजे पुढे काठी आपटत माझे सासरे. लुसिया तेव्हा लहान होत्या, पण तो आवाज त्यांच्या कानातून गेला नाही. पुढे कायदे बदलले, कुठल्याशा नव्या नियमात बाई बसेना, आणि कॉन्सुलेटने त्यांना हात झटकून मोकळं केलं. इथलं सरकार म्हणे तुम्ही परदेशी, आणि ते परदेशी म्हणे तुम्ही इथल्या. शाकीर मात्र दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. बाई दरवेळी एकच सांगायच्या, "शाकीर, माझ्या पुढे काठी वाजली पाहिजे. नाहीतर मी मेले हे मलाच पटायचं नाही." ह्या बाबाने शब्द दिला. मला विचारलं? नाव नको.

मग नवा कॉन्सुल आला. तरणाताठा, सायकलवर बसणारा. त्याला कव्हास ह्या शब्दाचीच लाज वाटायची. म्हणाला, हे सगळं जुनं झालं, आजपासून शाकीर एफेंदी 'स्वागत कर्मचारी'. बंडी त्याने दिवाणखान्यात काचेच्या कपाटात लावली, खाली पाटी ठोकली. ह्यांना रोज त्या कपाटाची काच पुसावी लागायची. घरी येऊन दोनच घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी कुत्र्याची थट्टा सोडून दिली. त्या दिवसांत माझंही जेवणावर मन नव्हतं.

हिवाळ्यात मादाम गेल्या. शाकीर कॉन्सुलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, हुजूर, थोडा वेळ चला, चर्चपर्यंतच. कॉन्सुल म्हणाला, ती बाई आमची नागरिक नाही, आणि असले तमाशे मला नकोत.

मयतीच्या सकाळी हे बंडी घालून घरात उभे. कपाटाची किल्ली दुसऱ्या कुणाकडे होती? सगळ्या कुलपांच्या किल्ल्या ह्यांच्याच कमरेला. माझं डोकंच फिरलं. पेन्शन तोंडाशी आलेली, राहतं घर कॉन्सुलेटच्या मेहेरबानीचं, आणि हा माणूस एका मेलेल्या म्हातारीसाठी सगळ्यावर पाणी सोडायला निघालेला. जे तोंडाला आलं ते बोलले. तेवढ्यात मला दिसलं की गळ्याजवळचं बटण लोंबतंय. तसल्या अवतारात कसं पाठवणार? शिव्या देत देत मीच ते शिवून दिलं.

"येतेस?" त्यांनी विचारलं.

"येऊ नको तर काय करू? मागे कुणीतरी हवं ना."

मागे होतो किती? पेटी उचलणारे, पाद्री आणि मी. पण मोठ्या रस्त्यावर काठी वाजली आणि मासेवाल्या आगोपने टोपी काढली. कव्हास पुढे आणि मागे पेटी, ह्याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता. "अरे देवा, कॉन्सुल गेला," असं म्हणून त्याने दुकानावर ताडपत्री ओढली आणि आमच्या मागे लागला. मग खारी बोरेकं भाजून विकणारा, मग न्हावी, मग फुलवाल्या बायका. पोलिसाने गाड्या अडवल्या. पलीकडच्या कॉन्सुलेटाने निशाण अर्ध्यावर आणलं. ट्राम थांबून राहिली, आतले लोक उभे राहिले. चर्चशी पोचेस्तोवर मागे एवढी माणसं, की मादामनी आयुष्यात शिकवलेले सगळे सूर एकत्र केले तरी कमी पडावेत. मला रडूच फुटलं. आणि आमचे हे पुढे ताठ, काठी आपटत. मागे वळून पाहायचं नसतं, त्यामुळे ह्यांना काही पत्ताच नाही.

तिकडे कॉन्सुलेटात फुलांची चक्रं यायला लागली. दार उघडायला माणूस नाही, म्हणून कॉन्सुलने स्वतः उघडलं आणि स्वतःच्या मरणाची चक्रं स्वतःच घेतली. एकाने तर त्याचाच हात हातात घेऊन सांत्वन केलं म्हणे, की मयत मोठा भला माणूस होता, तुम्ही त्यांचे कोण?

आम्ही परतलो तेव्हा तो फाटकात उभा होता, चेहरा लालबुंद. त्याने विचारलं, "तू नोकर कुणाचा?"

"कॉन्सुलचा, हुजूर," शाकीर बंडी उतरवत म्हणाले. "कव्हास ज्याच्या पुढे चालतो तो कॉन्सुल. आज त्या होत्या."

नोकरी गेली, घर गेलं. आम्ही माझ्या बहिणीच्या तळघरात राहायला गेलो. मी रोज भांडायची आणि हे रोज ऐकून घ्यायचे. पण रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचे नाहीत. काठी मी दाराशी ठेवली. गालिचे लाटण्याने झोडायला लागले.

परवाच्या शरदात हे गेले. जनाजा मशिदीतून निघायच्या वेळी मी काठी घेऊन पुढे उभी राहिले. इमाम हळूच म्हणाला, बाई, बायका जनाज्याबरोबर येत नाहीत, पुढे तर नाहीच नाही.

"बाई म्हणून आले नाही, होजा एफेंदी. कव्हास म्हणून आलेय."

तो बाजूला झाला. मी काठी आपटली. म्हाताऱ्या हाताला तिचं वजन झेपत नव्हतं, पण आपटत राहिले. मासळीबाजाराच्या तोंडाशी कुणीतरी नवखा विचारत होता, कोण गेलं म्हणून.

"कॉन्सुल," आगोपचा आवाज आला, आणि मागोमाग ताडपत्री ओढल्याचा. मागे किती माणसं आली कोण जाणे. मी वळून पाहिलं नाही.