रजिस्ट्रीला हात लावताना

मला घाई फार. आई म्हणायची, ही पोरगी सातव्या महिन्यातच आली, तेव्हापासून धावतेच आहे. असल्या बाईच्या नशिबी थांबाकाकांसारखा दुरुस्तीवाला यावा, ही देवाची मस्करीच म्हणायची.

मी ब्रेल छापखान्याची प्रमुख. खोल्या दोन, माणसं चार. एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं, कागदावर ठिपके उठवणारं एक जुनं मशीन. हे मशीन बनवणारी कंपनीच आता उरलेली नाही, त्यामुळे ते चालतंय तोवर चालतंय. कॉम्प्युटर सांभाळायला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका यायचे. साठीचे, हडकुळे, पूर्वीचे टाइपरायटर मेकॅनिक. आपण माउसला हात लावला रे लावला की म्हणायचे, "थांबा." नाव पडलं ते तिथूनच.

सगळ्यात जास्त जपायचे ते रजिस्ट्रीला. ही कॉम्प्युटरची स्वतःची नोंदवही. कुठलं यंत्र जोडलंय, कुठला प्रोग्रॅम कुठे राहतो, कुणाला कसली परवानगी, सगळं तिच्यात. एक ओळ चुकली की यंत्र जागेवर असूनही कॉम्प्युटरच्या लेखी मेलेलं. त्या वहीत फेरफार करणारे प्रोग्रॅम बाजारात पैशाला पासरी. काका नवा प्रोग्रॅम आधी घरच्या मोडक्या कॉम्प्युटरवर महिनाभर चालवून बघायचे. त्या कॉम्प्युटरला ते बळीचा बकरा म्हणत.

"बाई, स्थळ बघतो तसं बघायचं," ते मला सांगायचे. "हात लावण्याआधी जुन्याची नक्कल काढतो का? काय बदलणार ते आधी दाखवतो का? आणि कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, तरी मागे नेतो का? तिन्हीला हो म्हणाला तर घरात घ्यायचा. एका बटणात सगळं साफ करतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार."

काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "हा माणूस चहात साखर घालण्याआधी बिनसाखरेच्या चहाची नक्कल काढून ठेवील." आम्ही पोट धरून हसायचो. काका मात्र नक्कल काढायचे, पेन ड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी चिकटवायचे आणि घेऊन जायचे.

आता ठिपकीबद्दल. ती आमची तपासनीस. जन्मापासून दिसत नाही. छापलेल्या पानावरून बोटं फिरवून एक ठिपका कमी असला तरी पकडायची, म्हणून ठिपकी. पस्तिसावं वर्ष सरत आलं होतं आणि शिक्षकपदाच्या परीक्षेला बसायची वयाची अट पस्तीस. म्हणजे ही शेवटचीच संधी. मागच्या खेपेला ब्रेलमधली प्रश्नपत्रिका वेळेत मिळाली नव्हती. वाचून दाखवायला एक माणूस दिला होता, त्यानं गणिताचे तक्ते उलटसुलट वाचले आणि ही चार गुणांनी गेली. 

या वेळची प्रश्नपत्रिका आमच्याकडेच छापायची होती. तिचीच परीक्षा, म्हणून तो आठवडा तिला छापखान्यात पाऊल ठेवायला बंदी. सोमवारी परीक्षा कार्यालयाचे साहेब येऊन कॉम्प्युटरवर कुलपाचा प्रोग्रॅम बसवून गेले; त्याच्याशिवाय प्रश्नपत्रिका उघडत नाही आणि कॉम्प्युटरवर काय काय टाकलं त्याची नोंद तो ठेवतो. शुक्रवारी परीक्षा होईपर्यंत दुसरा कुठलाही प्रोग्रॅम टाकायचा नाही, अशी ताकीद दिली, माझी सही घेतली.

आणि बुधवारी मी माती खाल्ली.

कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालला होता. उद्या काम अडेल म्हणून जीव खालीवर होत होता. काकांना बोलवावं, तर ते नक्कल काढत बसणार. मग मीच एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यानं अकराशे चौऱ्याऐंशी चुका शोधल्या, लाल अक्षरात दाखवल्या.  'सगळं साफ करा' हे बटण दाबलं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एक गोष्ट डोक्यातच आली नाही. दर बुधवारी आम्ही मशीनची केबल काढतो, कारण ठिपके उठताना कागदाची भुकटी आत साठते आणि ती झाडावी लागते. त्या दिवशीही केबल काढलेली होती. प्रोग्रॅमनं पाहिलं की असं मशीन कुठे जोडलेलंच नाही, मग त्याच्या नोंदी कशाला हव्यात? सगळ्या पुसून टाकल्या.

गुरुवारी दुपारी दोनला साहेब सीलबंद पेन ड्राइव्हवर प्रश्नपत्रिका देऊन गेले. "सहाला नेतो," म्हणाले. "तयार नसली तर उमेदवाराला वाचक देऊ." मी केबल लावली, छापायला सांगितलं. मशीन ढिम्म. तीनदा बंद करून चालू केलं. शेवटी काकांना फोन लावला.

काका पावणेतीनला आले. "काय टाकलंत?"

"काही नाही हो." धडधडीत खोटं बोलले. त्याची आजही लाज वाटते.

ते खुर्चीत बसले. पाच मिनिटांत त्यांना प्रोग्रॅम सापडला. माझ्याकडे एकदा बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी घाईघाईनं दिराला फोन लावला. तो यातला जाणकार समजला जातो. "वहिनी, मी एक प्रोग्रॅम पाठवतो, दहा मिनिटांत सगळं परत आणतो," तो म्हणाला. मी काकांपुढे फोन धरला.

"आधीची नक्कल काढतो का तुमचा?" काकांनी विचारलं.

"त्याची गरजच पडत नाही, काका."

"मग नको." त्यांनी फोन मला परत दिला, खिशातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढला आणि बिघडलेल्या रजिस्ट्रीचीच नक्कल काढायला घेतली.

"अहो, बिघडलेल्याची कसली नक्कल काढताय?" माझा आवाज टिपेला गेला. "तीन वाजून गेले! त्या पोरीचं आयुष्य पणाला लागलंय आणि तुम्ही..."

"बाई, याहून वाईट होऊ शकतं. तेव्हा निदान इथवर तरी परत यायला हवं."

"तुमच्या या थांबाथांबीपायीच मी ते टाकलं!" मी बोलून गेले. शब्द तोंडातून सुटला तो सुटला. काकांनी मान वर केली नाही. नक्कल निघायला वीस मिनिटं लागली आणि मी ती खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत काढली.

या महिन्याच्या पहिल्या सोमवारची चांगली नक्कल त्यांच्याकडे होती. ती अख्खी परत घातली की झालं, असं मला वाटलं. पण ती कुलूप बसवण्याच्या आधीची. घातली की कुलूप गेलं, आणि कुलपाशिवाय प्रश्नपत्रिका उघडणारच नाही. म्हणून त्यांनी वर्षभर बकऱ्यावर चालवलेला एक साधा, करड्या रंगाचा प्रोग्रॅम काढला; तो पेन ड्राइव्हवरूनच चालायचा, कॉम्प्युटरवर टाकावा लागत नसे. तो दोन नकला शेजारी शेजारी मांडायचा, फरकाच्या ओळी पिवळ्या करायचा आणि एकेक ओळ बदलण्याआधी विचारायचा. पिवळ्या ओळी निघाल्या अकराशेच्या वर. त्यातल्या मशीनच्या कुठल्या, ते माणसानं वाचूनच ठरवायचं.

ते वाचत होते, मी टिपून घेत होते. सव्वाचारला पहिला प्रयत्न केला. कॉम्प्युटर सुरू होता होता निळा पडला आणि तिथेच अडकला.  फोन वाजला. ठिपकी.

"ताई, सगळं ठीक ना?"

मशीन पहिल्यांदा कॉम्प्युटरला जोडलं तेव्हा शेजारी बसून सगळं ऐकणारी हीच, त्याच्या सगळ्या खाणाखुणा या मुलीला तोंडपाठ होत्या. विचारलं असतं, तर कुठली नोंद कुठे ते तिनं दोन मिनिटांत सांगितलं असतं. प्रश्न ओठांवर आला होता. काकांनी हात आडवा केला आणि मान हलवली. या कामात तिचा एक शब्द जरी लागला असता, तरी परीक्षा तिथेच संपली असती.

"ठीक आहे गं. रात्री झोप नीट," म्हटलं आणि फोन ठेवला. 

काकांनी पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर उठवला आणि वीस मिनिटांची ती नक्कल परत घातली. कॉम्प्युटर जिवंत झाला.  दुसऱ्या खेपेला त्यांनी सतरा ओळी उचलल्या. पाच वाजून पाच मिनिटांनी मशीननं कट्ट आवाज केला आणि पहिली ओळ उठवली. मला रडूच फुटलं. काका म्हणाले, "रडा नंतर. कागद लावा."

चौतीस पानं छापून, डोळ्यांनी ठिपका न् ठिपका ताडून पाकीट बंद केलं, तेव्हा सहाला सात मिनिटं होती.

साहेब आले, त्यांनी कुलपाची नोंद उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बुधवारी इथे एक प्रोग्रॅम टाकलाय. कोणी?"

मी तोंड उघडलं.

"मी," काका म्हणाले. "कॉम्प्युटर मंद झाला होता, म्हणून. कामाच्या वहीत सही करायची राहिली."

साहेबांनी फोन लावला. किती वेळ बोलत होते, कोण जाणे. मग म्हणाले, "बुधवारी पेपर इथे आलाच नव्हता, म्हणून चालवून घेतो. कुलपाचा पासवर्ड बाईंकडे, ताकिदीवर सहीही त्यांचीच. त्यांनी टाकला असता तर पेपर रद्दच करावा लागला असता. पण काका, तुमचं नाव आमच्या यादीतून गेलं. कुठल्याच परीक्षा केंद्रावर आता काम नाही."

जिन्यात मी त्यांचा हात धरला. "कशासाठी केलंत हे?"

"तिची नोकरी कायम होईपर्यंत बोलू नका," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

ठिपकी पास झाली. शाळेत लागली. तिच्या कानावर एवढंच गेलं, की काकांनी मनाला येईल तो प्रोग्रॅम टाकला आणि ऐन वेळी मशीन बिघडवलं. भेटेल तेव्हा ती त्यांचा उद्धार करायची. मी विषय बदलायचे. काका घरी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत होते. मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगी कशी आहे?"

दोन वर्षांनी कायम झाल्याचा कागद घेऊन ती छापखान्यात आली. सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. "फक्त त्या म्हाताऱ्याला सांगू नका हं, ताई. माझं वाटोळं करायला निघाला होता मेला."

मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. बटण, केबल, खोटं बोलणं, एकूण एक.

 ती हातातल्या कागदाची घडी घालत होती, उघडत होती.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला त्यांना शिव्या घालू दिल्यात?"

मी मान डोलावली. मग लक्षात आलं, तिला ते दिसणार नाही. तोंडानंच म्हणावं लागणार होतं.

"हो," म्हटलं.