आबांच्या आणि तिच्या कॉमेंट्स

चंदीगडातल्या आमच्या मराठी मंडळींनी यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात गाण्यांऐवजी नाटक करायचं ठरवलं आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की मी सेक्टर एकोणचाळीसमधल्या संशोधन संस्थेत काम करते आणि तिथले अहवाल लिहिते. अहवाल लिहिणं वेगळं आणि नाटक लिहिणं वेगळं, हे मी सांगून पाहिलं. कोणी ऐकून घेतलं नाही.

नाटक जेमतेम अर्ध्या तासाचं. अमरावतीहून एक मामा भाचीला भेटायला चंदीगडला येतात. घर नंबर बरोबर, सेक्टर चुकीचा. दार उघडते ती एक पंजाबी बाई. मामांना वाटतं, ही भाचीची सासू. बाईला वाटतं, हे नवऱ्याच्या ओळखीचे कोणी. विचारायचं दोघांनाही अवघड वाटतं, आणि तोवर पानं वाढली जातात. इथे राहणाऱ्या कोणालाही ही गोष्ट खोटी वाटणार नाही. आम्ही स्वतः पहिल्या वर्षी एकसारखे दिसणारे चौक ओलांडत कितीतरी वेळा भलत्याच दारात उभे राहिलो होतो.

पहिला मसुदा मी बाबांना पाठवला. बाबा अमरावतीत असतात. नोकरी सरकारी केली, पण जीव सगळा तिथल्या हौशी नाटकांत. माझी मुलगी त्यांना आबा म्हणते, म्हणून आता मीही कधीकधी आबाच म्हणते. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना फाईलमध्ये कॉमेंट कशी लिहायची ते दाखवलं. शब्द निवडायचा, वर टिचकी मारायची, बाजूला चौकट उघडते, तिच्यात लिहायचं.

"म्हणजे तुझ्या लिखाणाले हात न लावता तुले बोलता येते!" बाबा खूश झाले. "हे तर फारच बेस काम झालं."

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. मी संध्याकाळी फाईल उघडायची तर पानाची उजवी बाजू भरलेली. 'मामा दारात उभा हाये. लगेच बोलवू नको त्याले. आधी जोडे काढू दे.' 'हे वाक्य पुस्तकातलं वाटते. आपल्याकडचा मानूस कृपया म्हनत नाही.' 'इथं थांबायचं. लोक हसतीन. न हसले तरी थांबायचं.' मी कॉमेंटची पहिली ओळ वाचायची, संवाद दुरुस्त करायची आणि पुढे जायची. ऑफिस, तालमी, स्वयंपाक यांत तेवढाच वेळ मिळायचा.

माझी मुलगी आठवीत आहे. जन्म इथलाच. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर हिंदीत येतं. "जेवायला ये गं" म्हटलं की "आ रही हूँ ना, यार!" तिच्या टॅबवरही तीच फाईल होती. ती आबांच्या कॉमेंट्सखाली काहीतरी लिहिते हे मला दिसायचं. हसरे चेहरे वगैरे टाकत असेल, असं मी धरून चालले होते.

कार्यक्रम जवळ आला तसा एका शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. संध्याकाळी विमानतळाजवळच्या एयरोसिटीत, आमच्या घरी तालीम होती. फाईल उघडली, आणि पानं अगदी स्वच्छ. संवाद होते. बाजूला काहीच नव्हतं. एकही चौकट नाही.

कोणाच्या तरी फोनमधल्या कुठल्याशा अॅपनं फाईल उघडली, अक्षरं मोठी केली आणि सेव्ह करताना कॉमेंट्स गाळून टाकल्या, असं नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, ठीक आहे, बहुतेक दुरुस्त्या तर मी करून बसले आहे. सहज मुलीला म्हटलं, "अगं, आबांच्या कॉमेंट्स उडाल्या बघ सगळ्या."

ती ब्रश तोंडात तशीच धरून बाथरूममधून बाहेर आली. "क्या मतलब उडाल्या?"

"गेल्या. पुसल्या गेल्या."

"आई, नहीं!" तिनं टॅब उघडला. तिथेही तेच. तिचे डोळे भरून आले. "मेरे भी थे उसमें. सारे के सारे."

मला नवल वाटलं. एवढं काय होतं त्यात? पण तिच्याकडे बघून मी ते विचारलं नाही. लॅपटॉप तिच्याकडे वळवून दोघी कामाला लागलो. मागे जायचं बटण दाबलं, काही झालं नाही. कधीकधी कॉमेंट्स नुसत्या लपवलेल्या असतात म्हणून दाखवायच्या-लपवायच्या खुणा उलटसुलट करून पाहिल्या. फाईल बंद केली, उघडली. मग बाबांना फोन लावला.

"एवढंच ना?" बाबा म्हणाले. "रडू नको म्हना तिले. मी बसतो आज, पुन्हा लिहितो."

"आणि तिनं लिहिलेलं?"

"तिचं मी कसं लिहीन गं? ते तर सापडलंच पाहिजे."

तेवढ्यात माझ्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला; बाबांना थांबायला सांगून मी तो घेतला. ती शेजारच्या लॅबमध्ये आहे, पक्की पंजाबी, आणि नाटकातल्या पंजाबी बाईचं काम तिच्याकडे होतं. संध्याकाळी सरसों का साग आणू का, एवढंच विचारायला तिनं फोन केला होता. मी आमचं दुःख सांगितलं.

"ओ जी, फाईल तो ऑनलाइन है ना?" ती म्हणाली. "तो पुरानी कॉपियाँ पड़ी होंगी. मेरी थीसिस के साथ यही हुआ था. व्हर्जन हिस्टरी देखो. और घबराओ मत, साग तो मैं ला ही रही हूँ."

सापडली ती यादी. जेव्हाजेव्हा कोणी फाईलला हात लावला होता, तेव्हाची एकेक प्रत तिथे वेळेसकट ठेवलेली. मुलगी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी. शुक्रवार रात्रीची प्रत उघडली. कोरी. शुक्रवार संध्याकाळची. कोरी. मी गुरुवारच्या प्रतीवर बोट ठेवलं, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. पान हळूहळू वर आलं, आणि मग एकामागून एक, टपटप, उजवीकडे चौकटी उमटत गेल्या. बाबांच्या हिरव्या. तिच्या जांभळ्या.

आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो की फोनवर असलेले बाबा घाबरले. "काय झालं? काय झालं बाप्पा?"

"मिल गए, आबा! सारे मिल गए!" ती सोफ्यावर उभी राहून नाचायला लागली. वरून विमान चाललं होतं, त्याच्या आवाजातही तिचं ओरडणं वर येत होतं.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या प्रतीची वेगळी फाईल करून ठेवली. मग आम्ही गच्चीवर उन्हात सतरंजी टाकली, बाबांना कॉलवर घेतलं आणि मी पहिल्यांदाच सगळं नीट वाचलं. मोठ्यानं.

मामांच्या एका संवादाजवळ बाबांनी लिहिलं होतं: 'काऊन म्हनताना भुवई वर गेली पाहिजे.'

खाली तिनं: 'आबा, काऊन मतलब?'

'काऊन म्हनजे का. क्यों.'

'तो सीधा का बोलो ना.'

'का विचारलं तर उत्तर येते. काऊन विचारलं तर भांडन होते.'

मला हसू आवरेना. पलीकडे बाबा स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. पुढच्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'शीशे के सामने किया. दोन्ही भुवई वर जाते. एक नाही जात.' त्यावर बाबा, 'मले अजून जमत नाही. तू करत राह्य.' जसजशी पानं पुढे गेली तसतसं तिच्या कॉमेंट्समधलं हिंदी कमी होत गेलं होतं. आधी एखादा शब्द मराठी, मग अर्धं वाक्य. बाबा प्रत्येक वेळी चूक सांगत होते आणि प्रत्येक वेळी काहीतरी शाबासकीही देत होते. शेवटच्या प्रवेशाजवळ तिची कॉमेंट होती:

'आबा, मी आज मामाचा पूरा सीन बोलला.'

'बोलली. तू पोरगी हायेस.' आणि त्याखाली लगेच दुसरी ओळ: 'पन मामा असशीन तर बोलला बरोबर.'

'मी मामा आहे.'

मी वाचता वाचता थांबले. मुलगी पायाच्या बोटांकडे बघत होती. तेरा वर्षं मी ज्या भाषेत तिला हाका मारल्या, त्या भाषेत ती एका म्हाताऱ्याशी इतके दिवस गप्पा मारत होती, विनोद करत होती. मी तिला जवळ ओढलं. "तुला मामाचं काम पाठ आहे?"

"थोडं थोडं," ती म्हणाली.

"थोडं?" फोनमधून बाबा. "पुरं पाठ हाये तिले. मी रोज फोनवर ऐकून राहिलो."

दुपारी जुनी प्रत आणि नवी प्रत एकमेकींत मिसळायची सोय वापरून मी कॉमेंट्स नव्या संवादांशेजारी आणल्या. बहुतेक जागच्या जागी बसल्या. एक मात्र भलतीकडे गेली. 'इथं पोट धरून हसायचं' ही पंजाबी बाईसाठीची सूचना मामांच्या सगळ्यात गंभीर वाक्याशेजारी जाऊन पडली, जिथे भाची आपल्याला भेटायला बाहेर येत नाही म्हणून ते हिरमुसतात. संध्याकाळी मैत्रिणीनं फाईलमध्ये होतं तसं केलं. मामा हिरमुसले आणि ती पोट धरून हसली. खोलीत एक क्षण कोणाला कळेना, आणि मग सगळे हसून कोसळले. ते आम्ही तसंच ठेवलं.

मामांचं काम मोहालीतल्या एका कंपनीतला तरुण करत होता. त्या दिवशी ऑफिसातून निघायलाच उशीर झाल्यामुळे तो पोचला नव्हता. मी मुलीला म्हटलं, तो येईपर्यंत तू वाच. तिनं कागद घेतलाच नाही. दारात उभी राहिली, जोडे काढल्यासारखं केलं, घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वऱ्हाडीत पहिलं वाक्य टाकलं. सगळे आधी माझ्याकडे बघायला लागले, मग तिच्याकडे. प्रवेश अर्धा झाल्यावर तो तरुण दारात येऊन उभा राहिला. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्यानं शेवटपर्यंत पाहिलं आणि मग टाळ्या वाजवत आत आला.

"ताई, मी पडदा ओढतो," तो मला म्हणाला. "मामा सापडले आपल्याला."

मी त्याला पुन्हापुन्हा विचारलं, मनापासून म्हणतोस ना? तो म्हणाला, "यार, मी नगरचा. ते वऱ्हाडी मला झोपेत छळत होतं."

कार्यक्रमाला बाबा आले. दोन स्वेटर, वर शाल, वर मफलर. पहिल्या रांगेत बसले. नाटक चालू असताना मी विंगेतून मुलीकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहत होते. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. एका जागी तिनं ओळ गाळली, तर त्यांनी श्वास रोखला. तिनं ती पुढच्या वाक्यात अशी सफाईनं जोडून घेतली, की त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर थाप मारली. पडदा पडल्यावर मिशी लावलेली माझी मुलगी स्टेजवरून उडी मारून त्यांच्याकडे धावली. बाबांनी आधी तिची मिशी सरळ केली, मग तिला मिठीत घेतलं.

आठवडाभरासाठी आलेले बाबा आता फेब्रुवारी संपेपर्यंत राहणार आहेत. धुकं वर गेलं की रविवारी दोघं भाजीला निघतात. आता ती त्यांना पंजाबी शिकवते. परवा मीही त्यांच्यामागून गेले. गाडीवाल्यासमोर उभे राहून बाबा मोठ्या अभिमानानं म्हणाले, "भाजी, मेथी ताजी है जी?" "हाँ भाजी," भाजीवाला म्हणाला, आणि बाबाच गोंधळले. मुलीनं हसत हसत त्यांच्या कानात सांगितलं, की इथे भाजी म्हणजे भाऊ, त्यामुळे वाक्य चुकून बरोबर आलं आहे. बाबांनी लगेच त्या भाऊंशी हात मिळवला, आणि आम्ही मेथीच्या दोन जुड्या घेऊन उन्हातून घरी आलो.