हे नको म्हणतात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात एकदा तोंडातून निघालं, पण ते धरू नका — ऐकणारीने ते मानलंच नाही. का, ते पुढे येईल. लिहून तर कुठेच ठेवलेलं नाही. आणि मी तर सगळं लिहून ठेवणारी बाई! रोजच्या कामांची यादी, बाजाराची यादी, कुणाच्या लग्नात काय आहेर केला त्याची यादी. एक अख्खं कपाट वह्यांनी भरलं आहे. त्यातल्या एकाही वहीत ही ओळ नाही.

आधी चांगलं सांगते, कारण तेही खरंच आहे.

साखरखेर्ड्याजवळ आमची दोन शेडनेट आहेत. आत टोमॅटो आणि मिरची — खायची नाही, बियाण्याची. संकरित बियाणं म्हणजे एका जातीच्या फुलाचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलाला हाताने लावायचा. कळी उमलायच्या आधी चिमट्याने आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या सकाळी पराग लावायचा, आणि त्या फुलाला ओळखीसाठी लोकरीचा धागा बांधायचा. थोड्या कळ्या नजरेतून सुटल्या तरी बियाण्यात भेसळ होते आणि सगळा माल नापास. आमचा माल आजपर्यंत एकदाही नापास झालेला नाही. एकदाही! कोणत्या ओळीत कोणाचा हात लागला, कोणत्या दिवशी — सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. चौदा बायका माझ्या हाताखाली हे काम शिकल्या. तिघींनी पुढे स्वतःचं शेडनेट टाकलं, आणि त्यातली एक आता माझ्यापेक्षा मोठी आहे. हे लिहिताना मला हसू येतंय, आवरत नाही.

त्याआधी अठरा वर्षं मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. गावात अजूनही मी ‘शिस्टर’च. कामावरच्या सुमनबाई नव्या बायकांना माझी ओळख अशी करून देतात, “शिस्टरनं बाळंतपणं कुठं सोडली? आता टमाट्याची करतेत!”

मग ती अठरा वर्षांची नोकरी सुटली कशी? सगळ्या गावाला माहीत आहे. सगळ्या गावाला जे माहीत आहे, ते खोटं आहे.

पाच गावं माझ्याकडे होती. लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, सर्वेक्षणं. जे रजिस्टरमध्ये लिहायचं तेच परत मोबाइलवर भरायचं. काम मला आवडायचं — हे मुद्दाम सांगते. पण शेवटच्या वर्षी एका बाळाला लस दिली, ते कळवळून रडलं, त्याची आई घाबरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मला — काहीच वाटलं नाही. तेविसावा नंबर झाला, एवढंच. मी टिक केली आणि पुढचीला हाक मारली. त्यानंतर माझ्या रोजच्या यादीत पहिलं काम असं यायला लागलं: ‘उठणे’. चाळिशी ओलांडलेली बाई वहीत लिहिते, ‘उठणे’. आणि सलग तीन दिवस त्यावर टिक नाही.

आमच्या ह्यांनी ती वही पाहिली. ह्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, बोलणं कमी. म्हणाले, “सोडायची तं सोड. पण लोकाईला सरळ सांग, थकले म्हणून. त्याच्यात काय लाज?”

मी राजीनामा लिहिला. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. शहाण्या माणसाला कळेल असं कारण माझ्याकडे नव्हतं. थकले — हे काय कारण झालं?

आता एक सांगा. दारावर साडीवाला आला, शेजारीण भिशीत नाव घालायला आली, आणि आपल्याला नको असलं, तर आपण बायका काय म्हणतो? ‘हे नको म्हणतात.’ ‘ह्यांना’ विचारलेलंसुद्धा नसतं. ते दुकानात असतात, त्यांना पत्ताही नसतो. पण समोरचा पुढे विचारत नाही, कुणाचं मन मोडत नाही, आणि आपला हट्टही दिसत नाही. मी हे शंभरदा म्हटलं असेल. साडीसाठी म्हटलं, भिशीसाठी म्हटलं.

माझं माहेर वरवट बकाल. राजीनाम्याचं कळल्यावर आबा पहिल्या एसटीने आले. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून त्यांनी मला शिकवलं होतं. आमच्या वस्तीतली पहिली नर्स मी. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “काऊन सोडली वं माय?”

ओठांवर आलं होतं — थकले, आबा. पण त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. भर उन्हात राबणाऱ्याला पंख्याखालच्या खुर्चीवरचं थकणं कसं सांगायचं? मी खाली बघितलं. आणि म्हटलं —

“हे नको म्हणतात.”

हे दारातच उभे होते. आबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले होते. त्यांनी तो आबांसमोर ठेवला.

आबा म्हणाले, “वा जावईबापू! म्या पोरीले नर्स केलं, अन् तुमी तिले घरी बसवलं.”

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही बोलू शकत होते ना? बोलले नाही. तेही बोलले नाहीत.

ते खोटं मग आपोआप वाढलं. मला परत बोलावंही लागलं नाही. भावाने आमच्याकडे येणं सोडलं. दुकानावर लोक ह्यांना विचारायचे, “काय मिस्तरी, बायकोची नोकरी डोळ्यात खुपत होती का?” आणि मला काय मिळालं? सहानुभूती. भरपूर. पहिल्या हंगामात बायका माझ्याकडे कामाला आल्या, त्या ‘बिचारीची नोकरी सोडवली’ म्हणून. शेडनेटचे खांब ह्यांनी रोवले, पाण्याचे फवारे ह्यांनी जोडले, आणि पुढे माझा सत्कार झाला, त्यात निवेदिका म्हणाली, “पतीचा विरोध पत्करून उभ्या राहिलेल्या आपल्या ताई!” टाळ्या वाजल्या. काही माना मागे वळल्या, कारण हे शेवटच्या ओळीत बसले होते. मी काय केलं? फोटोसाठी खांद्यावरची शाल नीट केली.

मागच्या महिन्यात उपकेंद्रातली नवी नर्स शेडनेट बघायला आली. तिशीतली असेल. धाग्यांकडे बघत म्हणाली, “ताई, तुमचं बरं झालं. तुमच्या मिस्टरांनी सोडायला तरी लावली. आमचे तर नको म्हणतच नाहीत!” हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिला वाटत होतं, बाईला नोकरी सोडायची तर आधी अडवणारा नवरा लागतो. हे तिला कुणी शिकवलं? मीच ना?

मी म्हटलं, “ह्यांनी नाही लावली. मी सोडली. मी थकले होते.”

हे शिडीवर चढून फवारा साफ करत होते. त्यांचा हात थांबला.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “किती सांभाळून घेता हो तुम्ही मिस्टरांना!”

शिडीवरून हे मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांनी खरं बोलले, तर तेही माझ्याच पुण्यात जमा झालं! तोंडाने सांगून हे खोटं मरणार नाही, हे तेव्हा कळलं. म्हणून सगळं छापायला द्यायचं म्हणून लिहिलं, कोण कुठे उभं होतं त्यासकट.

तर नोकरी मी सोडली. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या सहीने. मला कुणी भाग पाडलं नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला निर्णय होता. ही दोन्ही शेडनेट, त्या चौदा बायका, सकाळी कामावर जायची ही माझी घाई — सगळं त्याच्यावर उभं आहे. तो निर्णय माझा आहे, आणि आज तो मी मान वर करून माझ्या नावावर घेते आहे. तेव्हा घेतला नाही, कारण मी घाबरले. आणि माझी भीती एका चांगल्या माणसाने गावभर वागवली.

छापून आल्यावर एक प्रत त्या नर्सला देईन, एक भावाला पाठवीन.

आबांना पाठवता येत नाही. ते चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात हेच गाडी काढून त्यांना दवाखान्यात नेत होते, दर आठवड्याला. आबा मागच्या सीटवर बसायचे आणि सबंध रस्ता जावयाशी एक शब्दही बोलायचे नाहीत. मी आबांच्या शेजारीच बसलेली असायचे.